ऐकीव पुरावा

दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून मी ३१ वर्षं काढली. कायदा शिकलो नाही, पण पाण्यातल्या दगडाला शेवाळ धरतं तसा तो अंगावर धरला. साक्षीदार "मला शेजारच्यांनी सांगितलं" असं म्हणाला रे म्हणाला की समोरचे वकील ताडकन उठून हरकत घ्यायचे. ऐकीव पुरावा, ग्राह्य नाही. त्यामुळे लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात हिने "तुम्ही घोरता" अशी फिर्याद मांडली तेव्हा मी विचारलं, "तू पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात? ऐकलं."

"मग तो ऐकीव पुरावा झाला," असं म्हणून मी कूस बदलली आणि, ती सांगते, लगेच पुन्हा सुरू झालो.

स्वतःच्या कानांनी ऐकलेला आवाज हा प्रत्यक्ष पुरावाच असतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण विरुद्ध पक्षाला ते आपण कशाला सांगा? त्या एका हरकतीवर मी २८ वर्षं सुखाने झोपलो. म्हणजे झोपलो असं मला वाटत होतं.

घोरण्याइतका सोयीचा गुन्हा दुसरा नाही. आरोपी रात्रभर घटनास्थळी हजर असतो, चार लोकांच्या कानांदेखत गुन्हा करतो आणि सकाळी शपथेवर सांगतो, मी तिथे नव्हतोच. आमचे वडील भर दुपारी आरामखुर्चीत असे घोरायचे की खुंटीवरची छत्री हलायची. हलवून उठवलं तर म्हणायचे, "जागाच आहे मी. डोळे मिटून पडलोय नुसता." हा बचाव आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. आखूड हनुवटीही वडिलोपार्जितच आहे, आणि या प्रकरणात तिचाही हात असतो, हे मला फार उशिरा कळलं.

शिवाय आपल्याकडे घोरण्याला एक मान आहे. राबणारा माणूस, गाढ झोप लागते बिचाऱ्याला, असं आई म्हणायची. मराठीने तर शब्दच असा करून ठेवलाय, डाराडूर. म्हणून पाहा मोठ्याने. त्यात घोरणं स्वच्छ ऐकू येतं आणि अर्थ मात्र गाढ झोप. भाषाच आरोपीच्या बाजूने साक्ष देत असेल तर बायकोचं कोण ऐकणार?

गाढ झोपणारा हा माणूस दिवसभर पेंगायचा, याची संगती मात्र कुणी लावली नाही. सकाळी डोकं जड. रात्री तीनदा उठणं, ते मी वयावर ढकललेलं. रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन झालेल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कोर्ट बसलं की माझ्या पापण्यांना शिसं लावल्यासारखं व्हायचं. एकदा वाटपाच्या दाव्यात युक्तिवाद चालू होता. साहेबांनी माझ्याकडे निशाणी ३२ मागितली. मी दचकून जागा झालो आणि तोंडातून खणखणीत आवाजात जे बाहेर पडलं ते होतं, "तहकूब!" दोन्हीकडच्या वकिलांनी इतक्या आनंदाने फायली बांधल्या की साहेबांनाही क्षणभर आपणच तसं म्हणालो की काय असं वाटलं.

प्रकरण खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते रेल्वेत. भाचीच्या लग्नाला रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो होतो. कल्याणच्या सुमारास डोळे उघडले, तर समोरच्या बाकावर पाच जण रांगेत बसून माझ्याकडे बघत होते. कुणी झोपलेलं दिसत नव्हतं. मयताला पाहायला जमावं तशी ती मंडळी, आणि मयत उठून बसल्यावर थोडी नाराज.

त्यांच्यातले एक निवृत्त शाळामास्तर होते. ते म्हणाले, "राव, घोरण्याचं काही नाही, घोरतो माणूस. पण तुमचा श्वास थांबतो." त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. समासात निळ्या बॉलपेनने आकडे लिहिले होते. १४, १९, २६, २२, १७. मास्तर तो, कुठेही बसवा, हजेरी घेणारच. "हे सेकंद आहेत. २६ ला मी चप्पल घालून उठलो होतो." वरच्या बर्थवरचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, मी तर साखळी ओढणार होतो."

आता आली पंचाईत. दोन पंच, दोन्ही त्रयस्थ, माझ्याशी ना नातं ना वैर, आणि जागीच शाईने केलेला पंचनामा. मी तो कागद घडी करून घरी आणला. हिने चष्मा लावून वाचला. "हेच मी २८ वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "पण मास्तरांनी सांगितलं म्हणजे खरं."

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. पेशंट मी, पण जबाब झाला हिचा. हिच्या मोबाइलमध्ये माझ्या घोरण्याची ४० रेकॉर्डिंग निघाली, तारीखवार. 'गौरी जेवल्या ती रात्र' असं एकाला नावही दिलेलं. डॉक्टरांनी तीन ऐकली, मान डोलावली आणि टेप काढून माझा गळा मोजला. ४३ सेंटीमीटर. गळा ४० च्या वर गेला की आम्ही सावध होतो, असं म्हणाले. म्हणजे माझ्या रोगाचं निदान सर्वांत आधी आमच्या शिंप्याला व्हायला हवं होतं. १७ ची कॉलर बेतताना तो दर वेळी माझ्याकडे कनवाळूपणे बघायचा, ते उगीच नव्हे.

मग एक कागद हातात दिला. मेलबर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये काढलेली आठ प्रश्नांची परीक्षा. अमुक प्रसंगी डुलकी लागायची शक्यता किती, ० ते ३ मार्क. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसलं असताना, कुणाशी बोलत असताना. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं तर काळजीचं. एक प्रश्न होता, दुपारी जेवून शांत बसलं असताना, आणि पुढे खुलासा की दारू न घेता. साहेबांना दारूची धास्ती. पुरणपोळीवर तुपाची धार धरली की पुढे काय होतं, हे त्यांना मेलबर्नमध्ये कुणी सांगितलं नसावं. मी प्रामाणिकपणे स्वतःला ९ मार्क दिले. ही शेजारून वाचत होती. "बोलत असताना शून्य? परवा जावईबापू फ्लॅटच्या कर्जाचं सांगत होते तेव्हा?" पेन तिच्या हातात गेलं. फेरतपासणीत १८ झाले. मार्क वाढले म्हणून तोंड पाडून बसलेला विद्यार्थी मी पहिलाच असेन.

झोपेच्या तपासणीसाठी एक रात्र दवाखान्यात काढायची होती. तिथल्या पोराने डोक्याला चिकट मलम लावून तारा डकवल्या, डोळ्यांच्या कडेला डकवल्या, हनुवटीला, पोटऱ्यांना. छातीला पट्टा, पोटाला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, गळ्यापाशी माइक. गणपतीच्या मांडवाला रोषणाई करतात तसा मी उजळलो. मग तो दिवा मालवून म्हणाला, "आता रोजच्यासारखं झोपा काका." मी म्हटलं, "अरे, या अवस्थेत कुणाला झोप लागेल?" सकाळी तारा सोडवताना तो म्हणाला, "सहाव्या मिनिटाला लागलात."

अहवाल आला. तासाला ३८ वेळा श्वास अडतो, प्राणवायू एकदा ७४ टक्क्यांपर्यंत उतरलेला. ताशी ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सहा तासांच्या झोपेचा हिशेब केला तर २२८ वेळा. एका खटल्याला एवढ्या तारखाही पडत नाहीत, असं मी म्हणणार होतो. पण पडतात.

डॉक्टरांनी शहाळ्याचा दाखला दिला. कागदी नळी भिजून मऊ झाली की ओढताना आतल्या आत चिकटते, आणि जितकी जोरात ओढाल तितकी घट्ट चिकटते. घशाचा मागचा भाग तसाच, त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू तो ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद. छाती ओढत राहते, हवा येत नाही. प्राणवायू उतरला की मेंदू दचकतो, स्नायू ताठ होतात आणि फुर्रर्र करून श्वास सुटतो. त्या वेळी आपण क्षणभर जागे होतो, पण सकाळी आठवत नाही. म्हणजे दर दीड मिनिटाला पट्टेवाला माझ्या नावाचा पुकारा करत होता, मी हजर होत होतो आणि परत जाऊन पडत होतो. रात्रभर. २८ वर्षांचा हिशेब मी केला नाही. आणि असं चालू ठेवलं तर रक्तदाब, हृदय, मेंदू अशी एकेक पाटी पुढे लागते. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचं, स्लीप ॲप्नियाचं, नाव घेतलं होतं. ती बातमी मी वाचली होती. काय काय नवीन नावं काढतात, असं म्हणून तोच पेपर तोंडावर घेऊन झोपलो होतो.

तीव्र म्हटल्यावर डॉक्टर थेट झोपेत नाकातून दाबाने हवा सोडणाऱ्या यंत्रावर आले. मी मुदत मागितली. कोर्टातल्या माणसाला ती मिळते, निदान मागायची सवय असते.

त्या मुदतीत सगळे उपाय करून पाहिले. वजन ९४ होतं. दहा टक्के उतरवलं तर हे आकडे साधारण पावपट खाली येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. साडेनऊ किलो! मी चहातली साखर सोडली आणि महिन्याने वजन केलं तर साखरेपुरतंच उतरलं होतं. अमेरिकेतल्या पुतण्याने सांगितलं की तिकडे डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनला या आजारासाठी, लठ्ठ माणसांकरता मान्यता मिळाली. लठ्ठ हा शब्द त्याने दोनदा वापरला, म्हणून फोन लवकर ठेवला.

उताणं झोपलं की जीभ मागे पडते, तेव्हा कुशीवर झोपा. त्याला जुना उपाय म्हणजे पाठीला चेंडू. हिने माझ्या बनियनला मागून खिसा शिवला आणि नातवाचा टेनिसचा चेंडू त्यात घातला. उताणा झालो की टोचायचा. चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री काहीच टोचेना, तेव्हा छान उताणा झोपलो. सकाळी अंगाला लिंबाचा वास. नातवाची मॅच होती. त्याने चेंडू नेला आणि प्रामाणिकपणे बदली माल ठेवून गेला.

मग शंख. यामागे एक ऑस्ट्रेलियन वाद्य आहे, डिजेरिडू, पुरुषभर लांबीची लाकडी नळी. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी २५ रुग्णांपैकी १४ जणांना चार महिने ती फुंकायला लावली. घशाचे स्नायू तयार होतात आणि श्वास कमी अडतो, असं त्यांना दिसलं. २००६ मध्ये नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि २०१७ मध्ये त्याला विनोदी नोबेल मिळालं, तेही शांततेचं. पुढे २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० जणांत हाच प्रयोग शंखावर केला, सहा महिने, आणि फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग बरीच कमी झाली. दोन्हीकडे रुग्ण मध्यम प्रतीचे, माझ्यासारखे सराईत नव्हेत. पण हे बारीक अक्षरातलं कोण वाचतो? कोल्हापूरहून शंख आणला. पहिले आठ दिवस नुसती हवा गेली. नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला असा नाद लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू आरतीला वर आल्या. दहाव्या दिवशी सोसायटीची बैठक भरली आणि सर्वांनी मिळून माझ्या नावाने शंख केला. तो अधिक सुरात होता.

दातांच्या डॉक्टरांकडे खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी कवळीसारखी वस्तू मिळते, पण ती सौम्य-मध्यम लोकांना जास्त मानवते. काहींना शस्त्रक्रिया करतात. मला त्यांनी नाही म्हटलं आणि मी आग्रह केला नाही. मुदत संपली.

या यंत्राची जन्मकथा मला यंत्रापेक्षा आवडते. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाचे डॉक्टर होते. त्या काळी या आजारावर खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घ्यायचा. एका रुग्णाला ते नको होतं. कुणाला हवं असेल? सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकायला लावून, हवा नळीतून सोडली आणि मुखवटा त्या माणसाच्या नाकाला चक्क चिकटवून टाकला. श्वासाची वाट आतून हवेने फुगून उघडी राहिली आणि तो माणूस रात्रभर झोपला. पुढच्या वर्षी पाच रुग्णांची हकिकत 'लॅन्सेट'मध्ये आली. मला त्या पहिल्या माणसाचं कौतुक वाटतं. केर काढायचं यंत्र नाकाला चिकटवून घेणारा किती वर्षांचा थकलेला असेल!

यात प्राणवायूचा सिलिंडर नसतो, हे मला आल्यागेल्या प्रत्येकाला सांगावं लागलं. खोलीतलीच हवा, फक्त दाबाने. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चिकटत नाही, तेवढंच. दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात, ४ ते २०. माझा ११. यंत्र चपातीच्या डब्याएवढं, चाळीस-पन्नास हजारांच्या घरातलं. त्यात पाणी घालायला छोटी टाकी असते, नाहीतर नाक कोरडं पडतं. पाणी डिस्टिल्ड हवं. मी सवयीने बॅटरीच्या दुकानात गेलो.

"इन्व्हर्टरला?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, नाकाला."

त्याने बाटली परत मांडणीवर ठेवली आणि समोरच्या मेडिकलकडे बोट दाखवलं.

पहिल्या रात्री मुखवटा चढवला. डोक्यामागून पट्टे, नाकावर रबर, पुढे लोंबणारी नळी. सोंड, सोंड म्हणून सगळ्यांचं म्हणून झालं. पुतणीने व्हिडिओ कॉलवर दुर्वाही दाखवल्या. खरी अडचण निघाली मिशीची. आमच्या भागात मिशी ही जंगम मालमत्ता नाही, स्थावर आहे. ती रबराखालून हवा सोडायची आणि मध्यरात्री बाळाने ओठ फुरफुरवावेत तसा आवाज व्हायचा. मुखवटा विकणारा मुलगा फार अदबीने म्हणाला, "साहेब, थोडी कमी केली तर..." ज्या मिशीला आजवर कुणी हात लावला नव्हता, तिची हद्द मी दोन्ही बाजूंनी अर्धा इंच मागे घेतली. राजीनाम्याचा हुकूमनामा. वर अपील नाही.

दुसरं म्हणजे नाकावर मुखवटा असताना तोंड उघडलं की नाकातून शिरलेली हवा तोंडातून भसकन बाहेर पडते. बोलताच येत नाही. दिवा मालवल्यावर मी या घरात २८ वर्षं जी मतं मांडत आलो, दूधवाला, व्याही, महागाई, ती सगळी आता रात्री दहाच्या आत मांडावी लागतात. हिला आजाराचा इलाज पसंत पडला तो त्या क्षणी.

आणि यंत्र सगळं लिहून ठेवतं. किती तास लावलं, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला. रोज चार तास तरी लावलंच पाहिजे. हे प्रगतिपुस्तक पुण्याला लेकीच्या मोबाइलवर जातं. सकाळी आठला फोन. "बाबा, काल फक्त दोन तास बावीस मिनिटं?" मी म्हटलं, वीज गेली होती. "आईला विचारू?" पूर्वी एक साक्षीदार होती, आता दोन झाल्या, आणि दुसरी आकडेवारीनिशी.

पण तीन आठवड्यांनी एका सकाळी मी उठलो आणि बराच वेळ काय चुकतंय ते कळेना. डोकं दुखत नव्हतं. रात्रीत एकदाच उठलो होतो. यंत्रावर आकडा होता ३. दुपारी जेवून बसलो, पुस्तक उघडलं आणि पन्नास पानं वाचली. गेल्या दहा वर्षांत पाचव्या पानापुढे कथेत काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. ज्याला मी झोप म्हणत होतो ते प्रकरण नुसतंच पटलावर होतं, चाललं कधीच नव्हतं.

मागच्या मंगळवारी पहाटे चारला आपसूक जाग आली, तीही ताजी. मुखवट्याच्या आत बारीक घूं चालू होती. आणि शेजारून आणखी एक आवाज. आधी वाटलं पाण्याची मोटर. मग वाटलं मांजर. पट्टा सैल करून कान दिला. बारीक शिट्टी, मध्ये एक गिरकी आणि शेवटी ओठांवर फुस्स. मी मास्तरांसारखे सेकंद मोजले. श्वास कुठे अडत नव्हता, लय पक्की. त्या बाबतीत निर्धास्त झाल्यावर मी मोबाइल घेतला आणि एक मिनिट दहा सेकंदांचा मुद्देमाल जप्त केला.

सकाळी चहा उकळत असताना ओट्यावर मोबाइल ठेवून लावला. हिने गाळणं हातात धरून, मान कलती करून, पूर्ण ऐकला.

"हे तुमचंच आहे," ती म्हणाली. "जुनं. माझ्याकडे अशी चाळीस आहेत."

"अगं, मागे यंत्र चालू ऐकू येतंय बघ."

"तो पंखा आहे," असं म्हणून तिने चहा गाळायला घेतला.